दिल्लीला निघायलीस, तर ऐक

पहिली गोष्ट, मावशीला सांग की दिल्ली लांब आहे, पण परकी नाही. ती टीव्हीवरच्या बातम्या बघून घाबरायली. तुझी मला तशी काळजी नाही. माझी काळजी वेगळीच आहे. तू स्पर्धा परीक्षेच्या तयारीला येशील, जुन्या राजेंद्रनगरात खोली घेशील, खोली, क्लास, लायब्ररी आणि मेस एवढं रिंगण आखून घेशील आणि दोन-तीन वर्षांनी दिल्ली न बघताच माघारी जाशील. लातूरला तेच केलंस की नाही? अहमदपूरहून अकरावीला गेलीस ती थेट उद्योग भवनच्या ट्यूशनवाल्या गल्ल्यांत. खरोशाची लेणी बघितली नाहीस, उदगीरचा किल्ला बसच्या खिडकीतूनसुद्धा धड बघितला नाहीस. लातूर पॅटर्नने मार्क दिले, चांगलंच झालं. पण दिल्लीला तोच पॅटर्न लावू नको गं. आणि हसू नको, उद्योग भवन दिल्लीतही आहे. तिथे क्लासच्या पाट्या नाहीत, सरकारी फायली आहेत.

आधी खोलीचं उरकून घेऊ, म्हणजे मावशीचाही जीव खाली पडेल. फोनवर फोटो बघून कुणाला पैसे पाठवायचे नाहीत. आल्यावर आधी कुठेतरी टेकायचं, चार खोल्या स्वतः चढून-उतरून बघायच्या, मग बोलायचं. विजेच्या युनिटचा दर आधीच विचार, घरमालक सरकारी दराच्या वर लावतात आणि उन्हाळ्यात त्यातच कंबरडं मोडतं. आणि एक गोष्ट अगदी शपथ घालून सांगते. तळघरातली लायब्ररी फुकट दिली तरी घ्यायची नाही. २७ जुलै २०२४ ला याच राजेंद्रनगरात पावसाचं पाणी एका क्लासच्या तळघरात शिरलं आणि अभ्यासाला बसलेली तीन मुलं बुडून मेली. तुझ्यासारखीच, लांबून आलेली. त्यानंतर पोरं रस्त्यावर बसली, सीलं लागली, चौकशा झाल्या. ते सगळं झालं असलं, तरी खोली बघताना जिना किती रुंद आहे, बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का, हे तूच बघायचं. लाजायचं नाही. एजंट वैतागला तर वैतागू दे.

घरमालकीण बहुतेक पंजाबी असेल. तिला आंटी म्हणायचं आणि भाडं वेळेवर द्यायचं, म्हणजे निम्मे प्रश्न येतच नाहीत. पण तिच्याशी भाड्यापलीकडे बोल. हे राजेंद्रनगर, लाजपतनगर वगैरे वस्त्या फाळणीत सगळं मागे टाकून आलेल्या लोकांसाठी वसवलेल्या. आज जिथे चार मजली इमारतीत पोरी कोंबल्या आहेत, तिथे तेव्हा निर्वासितांची छोटी बैठी घरं होती. तिच्या सासऱ्यांनी १९४७ बघितलेलं असेल, तर आपल्या आजीने १९४८ बघितलंय. रझाकार आले की बायकापोरांना घेऊन रानात जाऊन बसायचे, ते आजी कसं सांगायची ते आठव. हे आंटीला सांगून बघ. दिल्लीच्या लोकांना वाटतं सगळा देश १५ ऑगस्टला एकदम मोकळा झाला. आपल्याकडे तो दिवस १७ सप्टेंबर १९४८ चा, हे इथे फार थोड्यांना माहीत असतं. आणि हो, ती लाहोर-मुलतानच्या गोष्टी काढेल तेव्हा घड्याळ बघू नको. दिल्लीची ओळख पुस्तकातून होते त्याहून जास्त अशा जिन्यात उभं राहून होते.

आता राजधानीच्या तोऱ्याबद्दल. इथे कुणीही, अगदी कुणीही, ओळख सांगतो. कुणाचा काका मंत्रालयात, कुणाचा मेव्हणा खासदाराच्या बंगल्यावर. गाडीच्या काचेवर पदाची पाटी चिकटवल्याशिवाय काहींना रस्ता दिसत नाही. पहिल्या महिन्यात तुला वाटेल, आपण कुठल्या कोपऱ्यातून आलो! तेव्हा मनातल्या मनात एवढं म्हण : १९९१ ते १९९६ देशाचे गृहमंत्री नांदेडचे शंकरराव चव्हाण होते आणि त्याच पाच वर्षांत लोकसभेच्या अध्यक्षाच्या खुर्चीवर आपल्या चाकूरचे शिवराज पाटील बसत होते. उंबरठ्यावरच्या माणसांनी आपल्याला मोठेपणा शिकवू नये. मात्र यातला दुसरा भागही ध्यानात ठेव, तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. एवढी माणसं दिल्लीत बसूनसुद्धा एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. तेव्हा दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांनी लातूरला रोज १० लाख लिटर पाणी पाठवायची तयारी दाखवली होती. ते आलं नाही, येणार तरी कसं इतक्या लांबून. आणि गंमत अशी की मे-जूनमध्ये इथल्याच कितीतरी वस्त्यांत लोक डबे-बादल्या घेऊन टँकरच्या मागे धावताना तुला दिसतील. खुर्ची जवळ असली म्हणजे नळाला पाणी येतंच असं नाही, हे दिल्लीलाही माहीत आहे. तू बादलीभर पाण्यात आंघोळ आणि कपडे दोन्ही उरकणारी पोरगी, तुला ते जड जाणार नाही.

अभ्यास कर, पण रविवार राखून ठेव. दर रविवारी नाही जमणार, ठीक आहे, महिन्यातले दोन तरी. आणि बघायला लागशील तेव्हा इंडिया गेटपासून सुरू करू नको. सगळे तिथूनच करतात, फोटो काढतात आणि आईस्क्रीम खाऊन घरी जातात. तू चांदणी चौकातून सुरू कर. कारण तू माझ्या नांदेडच्या घरी सुट्ट्या काढल्यास, सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये माझ्या मांडीला मांडी लावून जेवलीस. नांदेडला गुरू गोविंदसिंगजी १७०८ मध्ये आले आणि तिथेच त्यांचा अंत झाला, हे तुला पाठ आहे. त्यांच्या वडिलांचं, गुरू तेगबहादूरांचं शिर औरंगजेबाच्या हुकमाने १६७५ मध्ये जिथे उतरवलं, तो हा चांदणी चौक. तिथे सीसगंज गुरुद्वारा आहे. बाहेर रिक्षा, माणसं, साड्यांची दुकानं यांचा नुसता गोंधळ. आत गेलीस की डोक्यावर ओढणी घे आणि बस थोडी.

मग तिथून रकाबगंज गुरुद्वाऱ्यात जा, संसदेला लागूनच आहे. त्याची कथा मला सगळ्यात जवळची वाटते. बादशहाच्या धाकाने गुरूंच्या धडाला हात लावायची कुणाची छाती होत नव्हती. लखीशाह वंजारा नावाचा व्यापारी गाड्यांचा तांडा घेऊन आला, धड उचलून रायसीनाच्या आपल्या घरी नेलं आणि उघड्यावर चिता पेटवली तर संशय येईल म्हणून राहतं घरच पेटवून दिलं. आपल्या मुखेड-किनवटकडच्या तांड्यांवर ही गोष्ट लहान पोरांनासुद्धा ठाऊक असते, आणि संसदेसमोरून रोज जाणाऱ्या शिकलेल्या माणसाला विचारलं तर तो खांदे उडवतो. आता हिशेब बघ. हुकूम देणारा औरंगजेब खुलताबादला पुरलाय, ज्यांच्या वडिलांचं शिर गेलं त्या गुरूंचा अंत नांदेडला. दोघांच्याही अखेरच्या जागा आपल्या मराठवाड्यात आहेत.

जमलं तर मेहरौलीलाही जा. लोक कुतुबमिनार बघून परत फिरतात, तू तिथून थोडी पुढे चाल. नांदेडला गोदावरीच्या काठी माधोदास नावाचा बैरागी मठ करून राहायचा. १७०८ मध्ये गुरूंची भेट झाली आणि त्याचा बंदासिंग बहादूर झाला. आपल्या बंदा घाटावर आपण किती वेळा बसलोय! तो माणूस नांदेडहून पंजाबात गेला, सरहिंद जिंकलं, मुघलांना सळो की पळो केलं आणि पुढे त्याला पकडून १७१६ मध्ये दिल्लीला आणलं. मेहरौलीत बख्तियार काकींच्या दर्ग्याजवळ त्याला हालहाल करून मारलं. तिथे त्याच्या नावाचा गुरुद्वारा आहे. गर्दी नसते.

लाल किल्ल्यात जाशील तेव्हा (सोमवारी बंद असतो, उगीच खेप घालू नको) दिवाण-ए-खासच्या छताकडे बघ. त्याला पूर्वी चांदी होती. ती कुणी काढली? फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला हरवलं. त्याच उदगीरला, जिथला किल्ला तू बघितला नाहीस. त्या विजयाच्या जोरावर भाऊंना उत्तरेच्या मोहिमेवर पाठवलं, ऑगस्टमध्ये त्यांनी दिल्ली घेतली आणि फौजेचा पगार भागवायला छताची चांदी उतरवून नाणी पाडली. पुढे जानेवारीत पानिपत. आपल्याकडे या प्रसंगाकडे अभिमानाने बघायची रीत आहे आणि दिल्लीकर त्यालाच लूट म्हणतात. मला विचारशील तर उपाशी फौज घेऊन परमुलखात अडकलेल्या माणसाने घरच्या भिंती खरवडाव्यात तसं ते होतं. पण हा वाद कुणाशी घालू नको, विशेषतः रात्री मेसमध्ये. सकाळचा अभ्यास बुडतो.

इंडिया गेटला नंतर जायचंच आहे, तेव्हा शेजारच्या हैदराबाद हाऊसकडे बाहेरूनच नजर टाक. आत सोडत नाहीत. परदेशचे पंतप्रधान आले की आपले पंतप्रधान त्यांना जिथे भेटतात, टीव्हीवर हात मिळवताना दाखवतात, ते ठिकाण. ही कोठी शेवटच्या निजामाने, मीर उस्मान अलीने, बांधून घेतली. आराखडा लुटियन्सचा, म्हणजे राष्ट्रपती भवनाचा आराखडा ज्याने केला त्याचाच. राजधानी कलकत्त्याहून हलवायची घोषणा १९११ ला झाली, नवी दिल्ली रीतसर सुरू झाली १९३१ ला, आणि दरम्यान सगळ्या संस्थानिकांना बादशहाच्या दारात आपापला वाडा हवासा झाला. तेव्हा आपण त्या निजामाची रयत. आपल्या पणजोबांनी दुष्काळातसुद्धा भरलेल्या शेतसाऱ्याची एखादी वीट त्या भिंतीत असेलच की. त्यामुळे पहारेकरी पुढे सरका म्हणाला तरी जरा सावकाश सरक.

राजधानी हलवण्यावरून आठवलं. दिल्लीकरांना चिडवायचं असेल तर सांगायचं, एकदा राजधानी आमच्याकडे होती. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये ती देवगिरीला नेली, नाव दौलताबाद ठेवलं, दिल्लीतले उमराव, मौलवी, सूफी सगळे हाकलत नेले आणि काही वर्षांत परत फिरवले. निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब मात्र मागे राहिले, खुलताबादला त्यांचा दर्गा आहे. म्हणून निजामुद्दीनला गुरुवारी संध्याकाळी कव्वालीला गेलीस की परकं वाटून घेऊ नको, त्या घराण्याची एक फांदी आपल्या दाराशी आहे. गल्ली अरुंद आहे, चपला सांभाळायला बसणारे मागे लागतात, एकटी जाऊ नको.

फिरायचं कसं, तर मेट्रो. २४ डिसेंबर २००२ ला पहिली धावली आणि तिने दिल्लीच्या पोरींचं आयुष्य बदललं, असं मी बिनधास्त म्हणते. पुढचा पहिला डबा बायकांचा. रात्री आठनंतर तोच पकड. बसमध्ये बायकांना ऑक्टोबर २०१९ पासून तिकीट माफ झालं, त्या सवलतीच्या कार्डाचे नियम मात्र आल्यावर विचारून घे, ते बदलतात. आपल्या एसटीत अर्धं तिकीट झालं तेव्हा मावशी किती खूश झाली होती, तिला हे सांग. ऑटोवाल्याला भैया म्हणायचं, भाडं आधी ठरवायचं, बसताना नंबरचा फोटो मैत्रिणीला पाठवायचा. उशीर झाला तर कळवायचं. घाबरून खोलीत बसायचं नाही, पण नजर खाली घालून चालायचंही नाही. आणि आपली नांदेडी हिंदी, ते 'नक्को' नि 'कायकू', ती लपवू नको. हसतील दोन दिवस. मग तुझ्यासारखं बोलून दाखवायला लागतील.

हवेचं खरं सांगते, नोव्हेंबर वाईट असतो. दिवाळी झाली की आभाळ राखाडी होतं, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. चांगला मास्क लाव आणि सकाळचं पळणं तेवढे आठवडे बंद ठेव. डिसेंबर-जानेवारीतली थंडी आपल्या अंगाला ठाऊक नाही. नांदेडला आपण स्वेटर हौसेने घालतो, इथे गरजेने घालावा लागतो. घरून गोधड्यांचं गाठोडं आणू नको, रजई इथेच घे. काश्मिरी गेटच्या बसस्टँडजवळ तिबेटी लोकांचा बाजार आहे, जाकीट तिथे घासाघीस करून मिळतं. धुक्याच्या दिवसांत गाड्या तासन्‌तास रखडतात, म्हणून जानेवारीत घरी जायचं तिकीट काढलंस तर दुसऱ्या दिवशीचं काही ठरवू नको.

अजून एक. इथे भूकंपाचे धक्के बसतात. दिल्ली त्या पट्ट्यातच येते. पंखा हलतो, लोक चपला घालून खाली येतात, गप्पा मारतात, वर जातात. तुला ते तितकं सोपं जाणार नाही, कारण तू किल्लारी ऐकत वाढलीस. ३० सप्टेंबर १९९३ चा विषय निघाला की मावशी अजून बोलत नाही. म्हणून धक्का बसला की आधी खाली ये आणि लगेच तिला फोन कर, बातमी तिला टीव्हीवरून कळता कामा नये.

खाण्यापिण्यात दिल्लीसारखं गाव नाही. छोले-भटुरे, राजमा-चावल, परांठा, हिवाळ्यात गाजराचा हलवा, सगळं खा. पण महिन्याभरात तुला भाकरी आठवेल. ज्वारीचं पीठ मोठ्या दुकानात गुळगुळीत पाकिटात मिळतं, भाव बघून हसू येईल. येसर, शेंगदाण्याची चटणी आणि लसणाचं तिखट मात्र घरून आण, बक्कळ आण. मेसमधल्या फिक्या डाळीत येसर घातलं की पोरी ताट घेऊन तुझ्याकडेच येतील. फारच आठवण आली तर कस्तुरबा गांधी मार्गावर महाराष्ट्र सदन आहे, आयएनएच्या दिल्ली हाटमध्ये आपल्या राज्याचा स्टॉल आहे. पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवन आहे आणि नूतन मराठी शाळाही, म्हणजे मराठी माणसं इथे काही काल आलेली नाहीत. १९५४ ला साहित्य संमेलन दिल्लीला झालं, लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष होते. त्यानंतर थेट फेब्रुवारी २०२५ ला तालकटोरा स्टेडियमवर, ताराबाई भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली. त्याच तालकटोऱ्यावर १७३७ मध्ये पहिल्या बाजीरावाचा तळ पडला होता. पण फक्त मराठी मंडळींत रमू नको हं. गणपतीला जा, आणि छटपूजेला बिहारी मैत्रिणीसोबत घाटावरही जा.

पुस्तकांचा बाजार रविवारी महिला हाटमध्ये भरतो, डिलाइट टॉकीजच्या समोर. पूर्वी दरियागंजच्या फुटपाथवर भरायचा, २०१९ ला इकडे हलवला. पिशवी मोठी ने. आणि मंडी हाऊसला नाटक बघ. तिथे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे, त्याचं संचालकपद बीड जिल्ह्यातून आलेल्या वामन केंद्रेंनी सांभाळलंय. क्लासमधला कुणी म्हणेल, नाटकावर प्रश्न येत नाही. येत नाही तर येत नाही.

आता येण्याचं. पुणे-मुंबईचा वळसा घालू नको, अहमदपूरहून लोहा करत नांदेडला जा, एक रात्र आमच्या घरी राहा आणि सकाळी सचखंड एक्स्प्रेस पकड. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नवी दिल्ली. ही गाडी नांदेडहून अमृतसरला जाते, त्यामुळे निम्मा डबा गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला आलेल्यांचा असतो. वाटेतल्या काही स्टेशनांवर सेवेकरी लंगर घेऊन उभे असतात, पोळी, भाजी, डाळ, सगळं खिडकीतून देतात, पैसे घेत नाहीत. लोक त्यासाठी घरून भांडी आणतात. तूही एक ताट आणि वाटी वरच्या पिशवीत ठेव, ट्रंकेच्या तळाशी नको. सीट खालची मिळाली तर समोरच्या सरदारीण आजीला दे, ती दिल्ली येईपर्यंत तुझी काळजी घेईल. तिकिटाचं आजच बघ, या गाडीला वेटिंग फार असतं. पक्कं झालं की मला पाठव, मी सुट्टी टाकते.